दीड सेकंदाचा फायदा : हायब्रीड मोटारींचा 'पिकअप' आणि बुलडाण्याचे रस्ते

बुलडाणा, खास प्रतिनिधी

हायब्रीड मोटारींचा प्रसार आजवर मुख्यतः मायलेजच्या बळावर झाला. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दुहेरी यंत्रणा असलेली गाडी इंधन वाचविते, हे आता सर्वमान्य आहे. या गाड्यांच्या बाजूने अलीकडे आणखी एक मुद्दा मांडला जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी ही गाडी पुढे झेपावते, त्यामुळे ओव्हरटेक करताना वा चौक ओलांडताना चालकाला धोक्याच्या जागेतून लवकर बाहेर पडता येते आणि टक्कर टळते, असा हा युक्तिवाद आहे. दुपदरी रस्ते, घाट आणि समृद्धी महामार्ग अशी सर्व प्रकारची वाहतूक सोसणाऱ्या बुलडाणा जिल्ह्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. तो खोटा नाही. मात्र त्याची मर्यादा फार लवकर येते.

झेप येते कोठून?

पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर ठरावीक फेऱ्यांनंतरच मिळतो. समोर ट्रॅक्टर असेल तर चालकाला गिअर उतरवावा लागतो, इंजिनाच्या फेऱ्या वाढू द्याव्या लागतात आणि टर्बो असेल तर त्याचा दाब तयार होईपर्यंत थांबावे लागते. विजेच्या मोटरीचे तसे नाही. तिचा कमाल पीळ, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, जवळजवळ शून्य फेऱ्यांपासून उपलब्ध असतो. इंजिन जागे होईपर्यंतचा काळ मोटर भरून काढते. भारतातील प्रचलित पूर्ण हायब्रीड गाड्यांत गिअर बदलण्याचा खंडही नसतो.

भारतीय बाजारात २०२२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस या गाड्या त्या वर्षी आल्या. हायक्रॉस शून्यापासून ताशी १०० कि.मी. वेग साडेनऊ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. मोठ्या कुटुंबाच्या गाडीसाठी हा आकडा चांगलाच आहे. परंतु ग्रँड व्हिटारा हायब्रीडची इंजिन व मोटर मिळून एकत्रित शक्ती सुमारे ११६ अश्वशक्ती आहे आणि याच आकाराच्या काही टर्बो-पेट्रोल गाड्या याहून अधिक शक्तिमान आहेत. म्हणजे हायब्रीडचा खरा फायदा एकूण ताकदीत नसून प्रतिसादाच्या तत्परतेत आहे. तोही कमी वेगात अधिक जाणवतो. ताशी ८०-९० कि.मी.च्या पुढे तो घटत जातो.

येथे ग्राहकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. 'हायब्रीड' असे नाव मिरविणारी प्रत्येक गाडी या वर्गात मोडत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ व एर्टिगा या गाड्यांत आणलेली यंत्रणा सौम्य हायब्रीड या प्रकारातील होती. तीत छोटी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. अशा गाडीकडून झेपेची अपेक्षा ठेवून ओव्हरटेकला निघणे धोक्याचे ठरेल.

ट्रॅक्टरमागचे गणित

कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात खामगाव, चिखली, मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉली हे नित्याचे दृश्य असते. समजा, ट्रॅक्टर ताशी २५ कि.मी. वेगाने चालला आहे. मागून आलेल्या मोटारीला मागचे अंतर, ट्रॅक्टर व ट्रॉलीची लांबी, स्वतःची लांबी आणि पुढे सुरक्षित जागा मिळून ट्रॅक्टरपेक्षा सुमारे ४५ मीटर अधिक जावे लागेल. साधारण मोटारीचा वेग प्रत्येक सेकंदाला सेकंदी १.२ मीटरने वाढतो असे धरले, तर तिला साडेआठ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. तत्पर हायब्रीडसाठी हाच दर १.७५ मीटर धरला, तर काम सात सेकंदांच्या आसपास होते आणि अखेरचा वेग ताशी ७० कि.मी.च्या घरात राहतो. बचत दीड सेकंदाची.

दीड सेकंद क्षुल्लक नाही. समोरून ताशी ७० कि.मी. वेगाने वाहन येत असेल, तर साध्या मोटारीला ओव्हरटेक सुरू करताना सुमारे २७३ मीटर मोकळा रस्ता हवा. हायब्रीडला सुमारे २३४ मीटर पुरतो. चाळीस मीटरचा हा फरक समोरासमोरची धडक आणि निसटती सुटका यांतील फरक ठरू शकतो. युक्तिवादाचा खरा भाग तो हाच.

आता याच गणितातील एकच आकडा बदलून पाहावा. समोरचे वाहन ७० नव्हे, तर १०० च्या वेगाने येत आहे आणि चालकाला ते उमगले नाही. मग हायब्रीडलाही सुमारे २९५ मीटर रस्ता लागतो, म्हणजे आधीच्या उदाहरणातील साध्या मोटारीहूनही अधिक. दूरवरून समोर येणाऱ्या वाहनाचा वेग डोळ्यांनी अचूक जोखणे कोणालाही अवघड जाते; रात्री केवळ दोन दिवे दिसत असताना तर ते जवळपास अशक्य असते. यंत्राने कमावलेली सवलत माणसाच्या एका चुकीच्या अंदाजाने संपते.

ट्रकच्या मागे काय?

ट्रॅक्टरऐवजी ट्रक असेल तर चित्र पार पालटते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत द्रुतगती मार्ग, दुभाजक असलेले चौपदरी रस्ते आणि शहरी रस्ते वगळता इतर रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० कि.मी. ही कमाल मर्यादा धरली होती. ट्रक ६० च्या वेगाने जात असेल आणि मोटारचालकाने ७० ची मर्यादा पाळायची ठरविली, तर ट्रकच्या पुढे ५० मीटर सरकायला अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार ३५० मीटर जाते आणि समोरचे वाहनही तितकेच जवळ येते. एकूण ७०० मीटर मोकळा रस्ता हवा. येथे पिकअप कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य, कारण वेग वाढवायला मुभाच नाही. ती मर्यादा मोडून १०० च्या वर गेल्यासच गाडीची ताकद कामी येते. सावकाश वाहनामागे जी झेप संरक्षण देते, तीच वेगवान वाहनामागे मोहात पाडते.

बुलडाणा-मलकापूर मार्गावरील राजूर घाटात किंवा बुलडाणा-खामगाव मार्गावरील बोथा घाटात तर हा प्रश्नच उद्भवू नये. आंधळ्या वळणावर शंभर मीटर पुढचे दिसत नसेल, तेथे २३४ मीटर आणि २७३ मीटर हे दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी आहेत.

जिल्ह्यातील अपघात काय सांगतात?

जिल्ह्यातील गेल्या काही वर्षांतील मोठे अपघात या कसोटीवर तपासले असता चित्र अधिक स्पष्ट होते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस दुभाजकावर आदळून उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. समोर वाहन नव्हते, ओव्हरटेक नव्हता. त्याआधी मार्च २०२३ मध्ये याच महामार्गावर मेहकर परिसरात मोटार उलटून सहा जणांचा बळी गेला. तेथेही प्रश्न वाहनावरील ताबा सुटण्याचा होता.

२९ जुलै २०२३ च्या पहाटे मलकापूर येथे राष्ट्रीय महामार्गावर दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या आणि किमान सहा जणांनी प्राण गमावले. पुढील ट्रकला ओव्हरटेक करताना ही धडक झाल्याचे प्राथमिक माहितीत पुढे आले होते. पिकअपचा मुद्दा लागू पडावा असा हा प्रसंग. परंतु प्रवाशांनी भरलेल्या बसला मोटारीची चपळाई नसते, आणि रात्रीच्या वेळी चालत्या ट्रकला मागे टाकण्याचा निर्णयच मुळात अपघाताला निमंत्रण देणारा असतो. २ एप्रिल २०२५ रोजी शेगाव-खामगाव मार्गावर बोलेरो व एस. टी. बस यांची टक्कर झाली आणि त्यात तिसरी खासगी बस येऊन धडकली. पाच जण दगावले. मागून येणाऱ्या अशा वाहनाला वेग वाढविण्याची नव्हे, वेळीच थांबण्याची क्षमता हवी असते.

देशपातळीवरील आकडेही हेच दर्शवितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. वेग कमी पडल्यामुळे झालेले अपघात अशा अहवालांत शोधूनही सापडत नाहीत.

ब्रेकचे माहात्म्य

थांबण्याचे गणित याहून कठोर आहे. चालकाच्या प्रतिसादाला दीड सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले, तरी ७० च्या वेगातील मोटार सुमारे ५६ मीटरवर थांबते. १०० च्या वेगात हेच अंतर ९८ मीटर होते. रिफ्लेक्टर नसलेली, दिवे नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असेल, तर डिपर दिव्यांच्या प्रकाशात ती तेवढ्या अंतरावरून दिसतच नाही. तेथे जीव वाचतो तो आधीच आवरलेल्या वेगाने.

म्हणूनच जगभर भर दिला जात आहे तो आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेवर. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या मोटारींत ती सक्तीची केली. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासांत या यंत्रणेमुळे मागून धडकण्याचे प्रकार जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले आहे. याच संस्थेशी संलग्न विमा-नुकसान संस्थेने २०११ मध्ये हायब्रीड गाड्यांचीही तुलना केली होती. तीत अपघातसमयी हायब्रीडमधील प्रवाशांना इजा होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. कारण होते बॅटरीमुळे वाढलेले वजन, पिकअप नव्हे. उलट पादचाऱ्यांना इजा करणाऱ्या अपघातांची शक्यता २० टक्क्यांपर्यंत अधिक दिसली, कारण कमी वेगात ही गाडी आवाज करीत नाही. शेगावच्या गर्दीत किंवा आठवडी बाजारातून अशी गाडी चालविणाऱ्याने हे विसरू नये.

उपयोग कोठे?

असे असले तरी तत्पर पिकअप निरर्थक ठरत नाही. समृद्धीवर इंटरचेंजमधून प्रवेश करताना त्याचा निर्विवाद लाभ होतो. ताशी ४० वरून १०० चा वेग गाठण्यासाठी वरील हिशेबाने साध्या मोटारीला सुमारे २७० मीटर लागतात, तर हायब्रीडला १८५ मीटर. ताशी १२० कि.मी.ची मर्यादा असलेल्या मार्गिकेत मागून येणाऱ्या वाहनाशी वेगाचा मेळ लवकर बसतो, तेव्हा मागून धडक बसण्याची भीती खरोखर घटते. गावाच्या फाट्यावरून महामार्गावर येताना आणि चौपदरी रस्त्याचा दुभाजक ओलांडतानाही वाचलेला एक सेकंद मोलाचा असतो.

मात्र हा सेकंद शिल्लक ठेवायचा असतो. पूर्वी जी फट पाहून चालक थांबत असे, तीच फट नव्या गाडीच्या भरवशावर पुरेशी वाटू लागली, तर लाभ तेथेच संपला. घाट चढून बॅटरी उतरलेली असताना, इको पद्धत सुरू असताना किंवा गाडी प्रवाशांनी व सामानाने भरलेली असताना नेहमीची झेप मिळत नाही, हेही नव्या मालकांनी आधीच अनुभवून घेतले पाहिजे. लांब उतारावर बॅटरी पूर्ण भरली की मोटरीचा ब्रेकसारखा होणारा अवरोधही कमी होतो आणि सारा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो.

पाच-पंचवीस लाखांची मोटार घेणारे जिल्ह्यात थोडे आहेत. दुचाकीस्वार, ट्रॅक्टरचालक आणि एस. टी.चे प्रवासी मात्र असंख्य. त्यांच्यासाठी ट्रॉलीमागची रिफ्लेक्टरची पट्टी, घाटातील चढासाठी वेगळी मार्गिका, फाट्यांवरील दिवे आणि रात्रीच्या खासगी बसगाड्यांची काटेकोर तपासणी हेच टक्कर टाळण्याचे उपाय आहेत. त्यांचा खर्च एका नव्या मोटारीच्या तुलनेत किरकोळ आहे आणि त्यांचा लाभ गाडी कोणतीही असो, रस्त्यावरील प्रत्येकाला मिळतो. दीड सेकंद देणाऱ्या यंत्राचे स्वागत करावे. पण शासनाने आणि चालकाने त्याला या उपायांचा पर्याय मानू नये.