देशी कट्टा व्हाया सातपुडा

नागपुरातला कुठलाही मराठी पेपर उघडा. तिसऱ्या-चौथ्या पानावर अधूनमधून एक बातमी असतेच. "देशी कट्टा व जिवंत काडतुसासह एकास अटक." पुढचा मजकूरही ठरलेला. गुन्हे शाखेच्या पथकाला गुप्त माहिती मिळाली, सापळा रचला, एक इसम संशयास्पदरीत्या फिरताना दिसला, अंगझडतीत कमरेला खोचलेला कट्टा सापडला, आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ३/२५ खाली गुन्हा दाखल. ऑफिसातल्या एका मित्राने कंटाळलेल्या दुपारी ह्या बातमीचं टेम्प्लेटच करून दाखवलं होतं. चौकाचं नाव, पोराचं वय आणि मोटारसायकलचा मेक एवढेच व्हेरिएबल्स, बाकी सगळं हार्डकोडेड :)

हसलो आम्ही. पण त्या टेम्प्लेटची शेवटची ओळ बघा ना: "कट्टा कोठून आणला याचा पुढील तपास सुरू आहे." त्या पुढील तपासाची बातमी कुणी वाचली आहे का? मी तरी फारच क्वचित. प्रॉडक्शनवर रोज एकच एरर येते आणि रोज कुणीतरी सर्व्हर रिस्टार्ट करून तिकीट बंद करतो, तसं हे चाललेलं आहे. तिकिटं बंद झाल्याचा आकडा मस्त दिसतो. एरर येतच राहते.

तर मुद्दा असा, की कट्टा कोठून येतो हे काही गुपित नाही. पोलिसांना माहीत आहे, पत्रकारांना माहीत आहे, आणि पानठेल्यावर उभं राहिलात तर तिथेही माहीत आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन, धार आणि बुऱ्हाणपूर ह्या जिल्ह्यांत सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या पट्ट्यात काही गावं आहेत, जिथे हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं. बडवानीतलं उमर्टी, बुऱ्हाणपूरमधलं पाचोरी, खरगोनमधलं सिगनूर ही नावं महाराष्ट्रातल्या एफआयआरमधे पुन्हा पुन्हा येतात. बनवणारे बहुतेक सिकलीगर. हत्यारांना धार लावणं, पाणी देणं हा त्यांचा जुना व्यवसाय. ट्रकच्या स्टिअरिंगचा रॉड, कानस, हातभट्टा आणि ड्रिल एवढ्या सामानात ते पिस्तूल उभं करतात. काहींवर "मेड इन यूएसए" असंही कोरतात. कारागिरी म्हणून बघितलं तर आपण चक्रावून जातो, हे कबूल.

उमर्टीची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की ह्या नावाची दोन गावं आहेत. एक महाराष्ट्रात, जळगावच्या चोपडा तालुक्यात. दुसरं पलीकडे मध्य प्रदेशात. मधे नदी. फेब्रुवारी २०२५ मधे चोपडा ग्रामीणचं पोलीस पथक आपल्या बाजूच्या उमर्टीत एका आरोपीला पकडायला गेलं, तर जमावाने हल्ला केला आणि एका पोलीस शिपायाला उचलून पलीकडे नेलं. वर्दीतल्या माणसाचं अपहरण! तिकडच्या पोलिसांच्या मदतीने तो सुटला. मग नोव्हेंबर २०२५ मधे पुणे पोलिसांचं मोठं पथक चारशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून पलीकडच्या उमर्टीवर जाऊन धडकलं, भट्ट्या तोडल्या, बऱ्याच लोकांना ताब्यात घेतलं. कारण पुण्यात सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग तिथेच जात होता.

पुणे पोलिसांचं मला मनापासून कौतुक वाटतं. कुणीतरी शेवटी स्टॅक ट्रेस खालपर्यंत वाचला. पण भट्टी म्हणजे काय हो? विटा, माती आणि भाता. ती आठवडाभरात पुन्हा उभी राहते, नाहीतर दोन टेकड्या ओलांडून. आणि पुण्याचं पथक परत पुण्यालाच जाणार ना. मागे राहतं ते तिथलं छोटं ठाणं, ज्याच्या हद्दीत ह्या पिस्तुलाने कुणी मेलेलं नसतं. खून नागपुरात, पुण्यात, मुंबईत होतात. बडवानीच्या एसपीच्या क्राईम मीटिंगमधे नागपूरचा खून मोजला जात नाही. अख्ख्या भानगडीचं मूळ मला इथे दिसतं. ज्याच्याकडे उगम आहे त्याला त्रास नाही, आणि ज्याला त्रास आहे त्याची हद्द तिथे नाही.

आता आफ्रिका. एकदम आफ्रिका कुठून आली म्हणाल, तर आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट जोहान्सबर्गचा आहे. कॉलवर सर्व्हर डाउन असला की तिकडचा माणूस घरच्या अलार्मच्या आणि सशस्त्र गार्डच्या गोष्टी सांगत बसतो. त्यावरून मी वाचायला लागलो आणि ऑपरेशन रेचल सापडलं.

शेजारच्या मोझांबिकमधे १९९२ पर्यंत यादवी युद्ध चाललं. ते संपल्यावर रायफली जमिनीत पुरलेल्या तशाच राहिल्या. त्यातल्या कितीतरी सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत आल्या आणि दरोड्यांत वापरल्या जाऊ लागल्या. म्हणजे अगदी आपलीच केस: माल एकीकडे, मुडदे दुसरीकडे. सीमेवर नाकाबंदी वाढवून थोडाफार फरक पडला असता. त्याऐवजी दोन्ही सरकारांनी १९९५ मधे करार केला आणि दोन्हीकडचे पोलीस एकत्र मोझांबिकच्या जंगलात जायला लागले. पैसा, गाड्या, स्फोटकतज्ज्ञ बहुतांशी दक्षिण आफ्रिकेचे. हद्द आणि खबरे मोझांबिकचे. साठा दाखवणाऱ्याला बक्षीस मिळे, त्याच्यावर खटला नाही. सापडलेली हत्यारं जागच्या जागी स्फोटाने उडवून द्यायची, म्हणजे ती पुन्हा कुठल्या गोदामातून गळायला नकोत. हे एकदा करून थांबले नाहीत, वर्षानुवर्षं मोहिमा काढल्या. हजारो बंदुका आणि लाखो काडतुसं नष्ट केली. त्याच १९९५ साली दक्षिणेकडच्या देशांच्या पोलीसप्रमुखांची कायमची संघटनाही उभी राहिली.

नंतर तिथे करारांची रांगच लागली. २००० मधे बामाको जाहीरनामा, २००१ मधे दक्षिणेकडच्या देशांचा प्रोटोकॉल, २००४ मधे पूर्वेकडच्यांचा नैरोबी प्रोटोकॉल, २००६ मधे पश्चिमेकडच्या इकोवासचं कन्व्हेन्शन. नैरोबीवाल्यांनी तर २००५ मधे फक्त ह्याच कामासाठी एक स्वतंत्र ऑफिस काढलं, रेक्सा नावाचं. सदस्य देशांना बंदुकांवर नंबर कोरायची मशिन्स पुरवणं हे त्याचं एक काम. कंटाळवाणं काम आहे, त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. पण नंबर नसलेली वस्तू डेटाबेसमधे टाकणार कशी?

तिकडे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. २०११ मधे लिबिया कोसळला आणि गद्दाफीची कोठारं साहेलभर पसरली, तेव्हा ह्या कागदांचा फारसा उपयोग झाला नाही. जानेवारी २०२५ मधे माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून बाहेरच पडले. शेजाऱ्यांचं बोलणं थांबलं की करार उरतो फाईलपुरता. तरीही मला एका गोष्टीचं नवल वाटतं. ते वेगवेगळे देश आहेत. वेगळे कायदे, वेगळी चलनं, कुठे फ्रेंच, कुठे इंग्रजी, कुठे पोर्तुगीज. आपण दोन राज्यं, एक देश. शस्त्रास्त्रं हा विषय घटनेत केंद्राच्या यादीत आहे, म्हणजे दोन्हीकडे तोच १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा हत्यार बनवण्या-विकण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा केली, तीही दोन्हीकडे सारखीच. फक्त पोलीस राज्याच्या यादीत. कायदा एक आणि तो वापरणारे हात दोन, एवढीच काय ती अडचण!

आणि नागपूरकराला तर हे जास्तच बोचायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशचीच राजधानी होतो. बुऱ्हाणपूर ज्या निमाड जिल्ह्यात होतं त्याचा कारभार इथूनच चालायचा, म्हणजे आजचं पाचोरी आपल्याच सचिवालयाखाली होतं. माझी आत्या पांढुर्ण्याला दिली आहे. तिच्या घरात सावनेरइतकंच मराठी बोलतात, सीमा फक्त मोटारींच्या नंबरप्लेटवर दिसते. तर १९५६ च्या त्याच राज्य पुनर्रचना कायद्याने शेजारी राज्यांनी एकत्र बसून बोलावं म्हणून झोनल कौन्सिल केली. आज महाराष्ट्र बसतो पश्चिम कौन्सिलात, गुजरात आणि गोव्याबरोबर. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड बसतात मध्य कौन्सिलात, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडबरोबर. म्हणजे इतकी लांबलचक सामाईक सीमा असलेली दोन राज्यं शेजाऱ्यांच्या टेबलावर समोरासमोर येतच नाहीत! काय म्हणावं राजेहो.

कुणी म्हणेल, अशी एकत्र कामं आपल्याकडे होत नाहीत. होतात की. गडचिरोलीकडे बघा. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगण ह्यांचे पोलीस वर्षानुवर्षं एकमेकांना माहिती देत आले, केंद्राने पैसा ओतला. ऑक्टोबर २०२५ मधे भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा त्यांच्याबरोबर चोपन्न हत्यारं आली. त्यातल्या इन्सास रायफलीला नंबर असतो, तो कुठल्या पोलीस दलाकडून लुटली गेली ते शोधता येतं. थोडक्यात, महत्त्वाचं वाटलं की सगळं जमतं. कट्ट्याने मरणारा माणूस बहुतेकदा एखाद्या वस्तीतला पोरगा असतो, गँगमधला नाहीतर गँगच्या आसपासचा, म्हणून तो महत्त्वाचा वाटत नाही. वाईट आहे, पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

एक गोष्ट त्या बातमीच्या मथळ्यातच लपलेली आहे आणि आपण ती वाचून सोडून देतो: "जिवंत काडतूस". कट्टा भट्टीवर होतो. काडतूस होत नाही. पितळेची टोपी, प्रायमर, दारू, त्यातली अचूकता हे कारखान्याचं काम आहे. देशभरच्या निकालपत्रांत जप्त काडतुसाच्या बुडावर "८ एमएम केएफ" असं कोरलेलं असल्याची नोंद वारंवार दिसते. हे केएफ म्हणजे खडकीचा सरकारी कारखाना. म्हणजे तो माल कायदेशीर बनला, कायदेशीर निघाला आणि वाटेत कुठेतरी गळला. परवानाधारक ठरावीक काडतुसंच विकत घेऊ शकतो आणि त्याची नोंद होते. परवान्यांसाठी केंद्राचा राष्ट्रीय डेटाबेसही आहे, प्रत्येकाला वेगळा नंबर आहे. इकोवासच्या कन्व्हेन्शनने काडतुसावर लॉट नंबर, कारखाना आणि साल असलंच पाहिजे असं लिहून ठेवलं आहे. असा लॉट नंबर आणि दुकानदाराची विक्री एकमेकांना जोडली, तर गळती कुठे आहे ते सांगायला आमच्यासारखा कुणीही एका शनिवारात क्वेरी लिहून देईल. भट्ट्या शेकडो असतील, काडतुसांचे कारखाने मोजके आहेत. चोकपॉइंट तिथे आहे.

आता बनवणाऱ्यांबद्दल. सगळ्या गावाला गुन्हेगार म्हणून मोकळं होणं सोपं आहे, टीव्हीवाले करतातच. पण आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट बघा. मिरजेला तंबोरे आणि सतारी बनवणारी जी घराणी आहेत, त्यांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी राज्यात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांतले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ तंतुवाद्यांकडे वळले, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. अर्थात आश्रय आणि गिऱ्हाईक दोन्ही मिळालं म्हणून ते झालं. उमर्टीच्या पोराला आज कानस चालवायचे पैसे फक्त पिस्तुलाचं गिऱ्हाईक देतं. घानातही लोहारांचं हेच आहे. कुमासीकडचे लोहार बंदी असताना बंदुका बनवत राहिले, कारण नुसत्या कुदळी विकून भागत नाही. पिथमपूरसारखी औद्योगिक वसाहत धार जिल्ह्यातच आहे. ज्याला कागदावर ड्रॉइंग नसताना चालू पिस्तूल करता येतं, त्याला टूलरूममधे घेऊन बघायला काय हरकत आहे? छापा आणि नोकरी एकाच वेळी लागेल. नुसती नोकरी दिली तर ती जोडधंदा होईल, आणि नुसता छापा घातला तर भट्टी पुढच्या डोंगरात जाईल.

"अरे, हे बंद केलं तर मुंगेरहून येईल," असं एक मित्र म्हणाला. येईल, थोडं. पण मुंगेरचंच उदाहरण घ्या. २०१८ मधे तिथे एके-४७ सापडायला लागल्या, काही तर विहिरीतून काढल्या. बिहार पोलीस "कोठून आणल्या" हा प्रश्न सोडेनात. माग निघाला थेट आपल्या शेजारच्या जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोपर्यंत, तिथून निवृत्त झालेल्या एका आर्मररपर्यंत. मग केस एनआयएकडे गेली. दोन राज्यं, हजारेक किलोमीटरचं अंतर, तरी शोध लागला. रायफल लष्करी होती म्हणून सगळे हलले, एवढाच फरक.

मला वाटतं नागपूर, जळगाव, पुणे इकडून आणि बुऱ्हाणपूर, बडवानी, खरगोन, धार तिकडून असा एक कायमचा संयुक्त कक्ष हवा, दोन्हीकडचे अधिकारी एकाच खोलीत बसणारा. खर्च जास्त महाराष्ट्राने उचलावा, त्रास आपल्याला आहे. आणि त्याचं पहिलं काम अगदी साधं. गेल्या पाच वर्षांत दोन्ही राज्यांत जप्त झालेले कट्टे मालखान्यांतून काढून एकदा तपासायचे. नंबर नसला तरी ड्रिलचे ओरखडे असतात, कानशीच्या रेघा असतात, "मेड इन यूएसए"मधल्या अक्षरांची वळणं असतात. एका भट्टीचे कट्टे एकमेकांचे भाऊ दिसतात. फोटो, मापं, कुठे सापडला, कोणाकडून घेतला असं सांगितलं, एवढे रकाने पुरेत. फक्त लवकर करायला हवं. केस निकाली निघाली की कोर्टाच्या आदेशाने हत्यार नष्ट होतं, आणि त्याबरोबर त्याच्यावरच्या त्या रेघाही.