मेदवृद्धि आणि आपलें नित्याचें अन्न

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. पत्र लांब आहे, परंतु त्यांतील मजकूर थोडक्यांत सांगतां येईल. या भगिनीच्या घरीं लहानमोठीं मिळून नऊ माणसें जेवतात. गेल्या दीड वर्षांत त्यांपैकीं चौघांनीं वजन उतरविण्याचा संकल्प केला. थोरल्या दिरांनीं भात सोडला. यजमानांनीं पोळी सोडून भाकरी धरली. नणंद दोन्ही सोडून केवळ फळांवर राहते. कॉलेजांत जाणारा पुतण्या तूप आणि साखर यांस शिवत नाहीं. सासूबाईंस मऊ भात लागतो आणि मुलांस पोळी लागते. याप्रमाणें एका घरांत रोज चार निरनिराळे स्वयंपाक होऊं लागले आहेत, आणि ते करणारी बाई मात्र एकच आहे. ती लिहिते, "मास्तर, यांतलें खरें कोणतें तें एकदां सांगा, म्हणजे मी तेंच रांधीन. आणखी एक विचारतें. बाकीच्यांचीं वजनें उतरलीं कीं नाहीं, देव जाणे. माझें मात्र या दीड वर्षांत सहा किलोंनीं वाढलें. तें कां?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर घरांत शोधावें लागतें. म्हणून पहिल्यापासूनच आरंभ करूं.

अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ति ज्या मापानें मोजतात त्यास उष्मांक म्हणतात. न शिजविलेल्या १०० ग्रॅम धान्यापासून किती उष्मांक मिळतात तें पाहावें: तांदूळ सुमारें ३४५, गव्हाची कणीक ३४१, ज्वारी ३४९, बाजरी ३६१ आणि नाचणी ३२८. हे आंकडे वाचकांनीं पुन्हा एकदां वाचावे. भात शत्रु आणि भाकरी मित्र असें म्हणण्याजोगें अंतर यांत कोठें आहे? केवळ वजन वाढविण्याच्या दृष्टीनें पाहिल्यास हीं सर्व धान्यें जवळजवळ एकाच रांगेंत बसतात.

मग भेद मुळींच नाहीं कीं काय? आहे, परंतु तो निराळ्या गोष्टींत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि गहूं आपण कोंड्यासकट दळून खातों. पांढऱ्या तांदळाचा कोंडा गिरणींतच राहतो. कोंड्यामुळें पोट लवकर भरल्यासारखें वाटतें आणि रक्तांतील साखर सावकाश चढते. दुसरी गोष्ट चावण्याची. भाकरी चावावी लागते, मऊ भात कालवला कीं गिळला जातो. पोट भरल्याची जाणीव होण्यास कांहीं वेळ लागतो, आणि तेवढ्यांत भरभर जेवणाऱ्यानें आणखी एक वाढ घेतलेली असते. तिसरी गोष्ट प्रथिनांची. तांदळांत तीं शेंकडा ७, ज्वारींत १० आणि गव्हांत १२ असतात. तांदळाच्या कोंड्याबरोबर काय जातें हें तर आपल्या देशानें चांगलेंच पाहिलें आहे. अति सडलेला तांदूळ हेंच ज्यांचें मुख्य अन्न असे, त्यांस 'ब१' जीवनसत्त्वाच्या अभावीं बेरीबेरी हा रोग होई. त्या रोगाच्या शोधासाठीं १९१८ सालीं कुन्नूर येथें एका खोलींत जी प्रयोगशाळा निघाली, तीच पुढें वाढून आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. ती १९५८ सालीं हैद्राबादेस गेली.

म्हणून भाकरी चांगली हें खरें. परंतु ती मोजून खावी लागते. बेताचा फुलका तीस ग्रॅम कणकेचा, म्हणजे शंभर उष्मांकांचा असतो. हातावर थापलेली बेताची भाकरी साठसत्तर ग्रॅम पिठाची असते, म्हणजे ती दोन फुलक्यांहून अधिक भरते. पूर्वीं तीन फुलके खाणारे यजमान आतां 'भाकरी हलकी' असें समजून दोन भाकरी आणि वर लोण्याचा गोळा घेत असतील, तर त्यांचा कांटा खालीं कां येत नाहीं हें ज्योतिषास विचारण्याचें कारण नाहीं.

हा विचार नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार केलेला आहे. मेद वाढण्याच्या कारणांत अतिभोजन, जड, गोड आणि स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोंप हीं तर आहेतच. शिवाय बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंही कारण तेथें स्पष्ट सांगितलें आहे. लठ्ठ मनुष्याची थट्टा करणाऱ्यांनीं तें लक्षांत ठेवावें. स्थूलाचें अन्न पचावयास जड पण पोषणास कमी असावें, म्हणजे भूक भागेल आणि मेद वाढणार नाहीं, असें तेथील तत्त्व आहे. त्यास अनुसरून जव, सांवा, हरीक, मूग, कुळीथ, तूर, पडवळ आणि आंवळा यांचीं नांवें त्या अध्यायांत आलीं आहेत. भरड धान्य, डाळी आणि फळभाज्या, हाच आजच्या आहारशास्त्राचाही अभिप्राय आहे. भारताच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां आपल्या आजीच्या नाचणीस पुन्हा प्रतिष्ठा मिळाली.

आतां आपल्या पानाकडे वळूं. समोर भात, उजव्या हातास भाजी आणि आमटी, डाव्या हातास मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर अशी आपली वाढण्याची रीत आहे. ही रीत उत्तम आहे. बिघडलें आहे तें प्रमाण. भाताची मूद डोंगराएवढी, आणि कोशिंबीर गंध लावण्यापुरती! आमची सूचना एवढीच आहे कीं, धान्य बदलण्यापूर्वीं प्रमाण बदलावें. काकडी, मुळा, गाजर, कोबी यांची कोशिंबीर वाटीभर वाढावी. तींत दाण्याचें कूट मात्र चमच्यापुरतेंच असावें, कारण १०० ग्रॅम भुईमुगाच्या दाण्यांत ५६७ उष्मांक असतात. पालेभाजी, दुधी, दोडका, पडवळ यांपैकीं कांहीं तरी वाटीभर असावें. बटाटा मात्र भाजींत न धरतां धान्यांत धरावा. ज्या दिवशीं बटाट्याची भाजी असेल त्या दिवशीं एक पोळी कमी घ्यावी.

वरणाविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळींत प्रथिनें शेंकडा २२ ते २४ असतात. परंतु घरांत माणसें वाढलीं कीं पातेल्यांत पाणी वाढतें, आणि भातावर पडतें तें पिवळें पाणीच. वरण दाट असावें, किंवा त्याच्या जोडीला मूग, मटकी, चवळी यांची उसळ अथवा कुळथाचें पिठलें असावें. धान्यांत जें प्रथिनद्रव्य उणें असतें तें डाळींत मिळतें आणि डाळींतील उणीव धान्य भरून काढतें. वरणभाताची आपली जोडी याच कारणानें टिकून राहिली आहे. ती मोडूं नये, तिच्यांतील वरण वाढवावें आणि भात आटोपता ठेवावा. शेवटीं लोणी काढलेलें ताक पोटभर प्यावें.

अंगावर मेद चढविणारीं खरीं द्रव्यें धान्याहून निराळीं आहेत. तेल असो वा तूप, १०० ग्रॅमांत ९०० उष्मांक असतात. चहाच्या एका चमच्यांत पांच ग्रॅम धरले तरी ४५ झाले. चार पोळ्यांच्या घडींत तेल, वरून तूप, फोडणींत पुन्हा तेल, असें करतां करतां दोन पोळ्यांइतकें अन्न न दिसतां पोटांत जातें. बैठें काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीस २० ग्रॅम तेलतूप पुरें, असें राष्ट्रीय पोषण संस्थेचें परिमाण आहे. या मानानें नऊ माणसांच्या घरांत महिन्यास सर्व मिळून सहा किलो तेलतूप यावें. गृहिणींनीं वाण्याची यादी काढून पाहावी, म्हणजे दुसरें प्रवचन ऐकावें लागणार नाहीं.

साखरेचेंही तसेंच. भात सोडलेले गृहस्थ दिवसांतून पांच वेळां चहा घेतात आणि प्रत्येक वेळीं दोन भरलेले चमचे साखर घेतात, असें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ती साखर ५० ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें दिवसाला २५ ग्रॅमांच्या आंत राहणें इष्ट आहे. चहाबरोबर येणारी शेव आणि बिस्किटें तर हिशेबांत धरलींच जात नाहींत.

उपासाचा प्रकार याहून मौजेचा आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं केली आहे. साबुदाण्यांत तांदळाइतकेच उष्मांक आहेत, आणि प्रथिन जवळजवळ शून्य. त्यांत दाणे, बटाटा आणि तूप पडलें म्हणजे उपास कोठें उरला? शिवाय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. १४९२ नंतर युरोपांतील लोकांच्या हातून ते इकडे आले. तेव्हां खिचडी खाल्ली नाहीं तर धर्म बुडेल असें मानण्याचें कारण नाहीं. वाटीभर वरीचे तांदूळ, ताक आणि एखादें फळ एवढ्यावर एकादशी उत्तम होते.

वजन उतरविण्याची गरज आहे कीं नाहीं, हेंही आधीं पाहावें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें. आपल्या लोकांत उत्तर २३ पर्यंत ठीक, त्यापुढें वजन अधिक आणि २५ पासून लठ्ठपणा समजतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस ५५ किलोपर्यंत काळजी नाहीं. ६० झाले कीं जागें व्हावें. कंबरेचा घेर स्त्रियांनीं ८० आणि पुरुषांनीं ९० सेंटिमीटरांच्या आंत ठेवावा. आठवड्यास अर्ध्या किलोहून अधिक घाई करूं नये. पत्रांतील नणंदबाईंनीं केवळ फळांवर राहणें आजच थांबवावें. त्यानें मेदाबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो, आणि जुनें जेवण सुरू होतांच वजन परत येतें. वाढतीं मुलें, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेंच मधुमेहाचीं औषधें घेणारे यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहींही सोडूं नये.

आतां दुसरा प्रश्न. त्या भगिनीनें पत्राच्या शेवटीं सहज एक वाक्य लिहिलें आहे: "सर्वांचें झाल्यावर जें उरतें तें टाकवत नाहीं." तिच्या प्रश्नाचें उत्तर या वाक्यांतच आहे. चार प्रकारचे स्वयंपाक झाले म्हणजे चार भांड्यांत थोडें थोडें उरतें. दिरांनीं नको म्हटलेला भात, यजमानांनीं न घेतलेली पोळी, पुतण्यानें बाजूस सारलेला शिरा आणि मुलांच्या पानांतले तुकडे, हें सर्व दुपारीं अडीच वाजतां एकाच पानांत येतें. अर्धी वाटी भात, एक पोळी आणि शिऱ्याचे चार घांस मिळून साडेतीनशें उष्मांक सहज होतात. चौघांनीं सोडलेलें अन्न गेलें कोठें, याचा हिशेब त्या घरांत कोणींच केला नाहीं. तें एका बाईच्या अंगावर गेलें.

हें लिहितांना आमची लेखणी अडखळते. आमच्या घरींही वर्षानुवर्षें पुरुषांची पंगत आधीं उठत असे. पान वाढलेलें मिळे, आम्ही जेवून वामकुक्षीस जात असूं. मागें स्वयंपाकघरांत कोण काय खातें हें पाहण्याचें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. शाळेंत मुलांकडून हिशेबाचा ताळा करून घेणारे आम्ही, घरच्या पातेल्याचा ताळा कधीं घेतला नाहीं. आमच्या कुटुंबास मधुमेह झाल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें आणि त्या रोज काय जेवतात असें विचारलें, तेव्हां चाळीस वर्षांच्या संसारानंतर आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या स्वतःच हळूच म्हणाल्या, "उरलेलें असेल तें." त्या दिवसापासून आम्ही दोघें समोरासमोर बसून जेवतों.

म्हणून त्या भगिनीस आमचें सांगणें असें आहे. बाई, आपण स्वयंपाक एकच करावा. त्यांत भात असावा, पोळी किंवा भाकरी असावी, दाट वरण किंवा उसळ, एक भाजी आणि वाटीभर कोशिंबीर असावी. भेद करावयाचा तो रांधण्यांत नव्हे, वाढण्यांत करावा. ज्यास वजन उतरवावयाचें आहे त्यानें एक वाटी भात आणि दोन फुलके, किंवा तितक्याच मापाची भाकरी घ्यावी, आणि पुन्हा धान्य मागूं नये. कोशिंबीर आणि भाजी हवी तितकी मागावी. माणशीं मोजून शिजवावें. उरलेंच तर झांकून शीतपेटींत ठेवावें आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं वांटून खावें. अन्न टाकूं नये हा धर्म खराच. परंतु तो पाळण्याचा भार एकटीच्या पोटावर घालावा असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

घरांतील वडील मंडळींस आमची हात जोडून विनंति आहे कीं, हें पत्र आपल्याच घरचें आहे असें समजून आज पानावर बसतांना एक पान अधिक मांडावें आणि वाढणारीस आपल्याबरोबर बसवावें. शेवटची पोळी ज्यानें त्यानें आपल्या हातानें घेतली तर कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं.

पुढील अंकीं जेवणाच्या आग्रहाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे.