शब्दांची पारख : पट्टेरी

वाचकहो, जनावराचा रंग सांगायला आपल्या बोलीत शब्दांची तूट नाही. आज त्यांतला एक शब्द घेऊ : पट्टेरी.

पट्टा म्हणजे लांबट, अरुंद भाग. मग तो कापडाचा असो, चामड्याचा असो की जमिनीचा. ज्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचे असे पट्टे असतात, ते पट्टेरी. वाघ पट्टेरी, तरस पट्टेरी. बिबट्या मात्र पट्टेरी नव्हे, त्याच्या अंगावर ठिपके. अकोले-इगतपुरीकडच्या डांगी गाईच्या पांढऱ्या अंगावर काळी ठिगळे असतात. तिला बांडी म्हणा, कबरी म्हणा, पण पट्टेरी म्हणू नका.

बांडा बैल, बांडी गाय, बांडे वासरू, असा तो शब्द लिंगाप्रमाणे बदलतो. 'पट्टेरी' बदलत नाही. पट्टेरी वाघ, पट्टेरी वाघीण, पट्टेरी मांजर, सगळीकडे एकच रूप. 'पट्टेवाला' निराळा. तो कचेरीतला शिपाई. खांद्यावरच्या पट्ट्यावरून त्याला ते नाव पडले.

वाघाच्या पट्ट्यांवरून घेवड्यालाही नाव मिळाले आहे. सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात पिकणाऱ्या ज्या घेवड्याच्या दाण्यावर तांबूस रेघा असतात, तो वाघ्या घेवडा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

शेतात हा शब्द नेमका वापरला तर पैसा वाचतो. "पानं पिवळी पडली" एवढेच सांगितले, तर कृषी सहायकाला काय कळणार? चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पट्टेरी दिसू लागली, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर बहुधा लोह कमी पडले आहे. आपण त्याला केवडा म्हणतो. तिथे बुरशीचे औषध मारून उपयोग नाही. म्हणून पट्टे की ठिपके, कोवळ्या पानावर की जुन्या, हे पाहून सांगा.

सापाच्या बाबतीत तर 'पट्टेरी' एवढे म्हणून भागतच नाही. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे मण्यारीला असतात, तसेच बिनविषारी कवड्या सापालाही असतात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशी ठळक असतात, शेपटीकडे पुसट होतात. पण ही ओळख लांबून पाहण्यापुरतीच. साप चावला असेल तर पट्टे मोजत बसू नका, साप मारायला धावू नका. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज फारशी येत नाही, म्हणून घरचे लोक सकाळपर्यंत थांबतात आणि तेवढ्यात श्वास अडू लागतो. मांत्रिकाकडे न जाता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. तिथल्या सर्पविषावरील लशीत मण्यारीच्या विषावरचाही उतारा असतो. डॉक्टरांना साप कसा दिसला ते सांगा : पट्टे होते की ठिपके, आडवे की उभे.

तुमच्या गावी पट्ट्यांच्या जनावराला, धान्याला दुसरा एखादा शब्द असेल, तर पत्राने जरूर कळवा. वापराचे एक वाक्यही सोबत लिहा.