बुढीचं कचेरीचं याड

आमच्या घराण्यात एक येडी बुढी होऊन गेली, असं वऱ्हाडात जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. घराण्यातल्या पुरुषांचा इतिहास असतो. कोणी विहीर खोदली, कोणी जिनिंगमध्ये भागी घेतली, कोणी बेचाळीस साली तुरुंगात गेला. बायकांच्या मात्र नुसत्या गमती असतात. एक आजी म्हणे नवऱ्याशी बारा वर्षं बोलली नाही. एक काकू भर वैशाखात ओट्यावर बसून राहायची. आपण माहेरी चार दिवस जातो, रात्री अंगणात बाजा टाकल्या की या गमती निघतात, सगळे हसतात आणि आपणही हसतो. ती बारा वर्षं का बोलली नसेल, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की घर ज्या बाईला हसतं, तिच्या गोष्टीखाली बहुतेक वेळा जमिनीचा नाहीतर अब्रूचा एखादा व्यवहार पुरलेला असतो. आणि तो पुरलेलाच राहावा, यासाठी हसणं फार सोयीचं असतं.

आमच्याच घरचं सांगते. माझं माहेर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. आजोबांची बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे दिलेली होती. विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि मरेपर्यंत इथेच राहिली. तिची गंमत अशी, की दर महिन्यात एकदा ती धुतलेलं लुगडं नेसायची, भाकरी फडक्यात बांधायची आणि ‘शकुंतला’ पकडून दर्यापूरला जायची. तिथे कचेरीच्या आवारात दिवसभर बसायची आणि संध्याकाळी परत यायची. “बुढीले कचेरीचं याड व्हतं,” असं काका आजही सांगतात. लहानपणी आम्ही पोरं तिची नक्कल करायचो.

यंदा आखजीला गेले तेव्हा माळा झाडताना तिची टिनाची पेटी खाली आली. आत देवाच्या तसबिरीखाली कागदांचा गठ्ठा होता. अर्जनवीसाकडून लिहून घेतलेले अर्ज, मुद्रांकाचे कागद, फेरफाराची नक्कल. पहिला अर्ज १९३९ सालचा, शेवटचा १९५१ चा. सुरुवातीच्या अर्जांवर अंगठा आहे, नंतरच्यांवर वेड्यावाकड्या अक्षरांत सही आहे. ती सही करायला कधी आणि कोणाकडून शिकली, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मागणी मात्र सगळ्या अर्जांत एकच. नवऱ्याच्या वाट्याच्या काळ्या जमिनीवर दिराने एकट्याचं नाव चढवलं, तिथे माझंही नाव लावा.

ही मागणी वेडेपणाची होती का? १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा कायदा झाला होता. एकत्र कुटुंबात नवऱ्याचा जो हिस्सा, तो विधवेला तिच्या हयातीपुरता मिळावा, असं त्यात होतं. विकायचा अधिकार नाही, पण वाटणी मागता येत होती. ही बातमी तिच्या कानावर कुठून तरी आली असणार. पुढे १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं, की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्यामुळे गव्हर्नरांच्या प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. झालं! ज्या मुलुखात संपत्ती म्हणजे कपाशीची काळी जमीन, तिथल्या बाईला कायद्याने घर दिलं, भांडी दिली आणि नेमकं शेत वगळलं. शेवटी १९५१ च्या कागदाने तिचा निकाल लागला. वर्षाला दोन पोती ज्वारी, एक लुगडं आणि ‘यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही’.

ती ज्या शकुंतलेने जायची, तिचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. विलायती कंपनीने कापूस वाहायला घातलेला हा अरुंद लोहमार्ग १९५१ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटला आणि पुढे कित्येक दशकं कागदोपत्री कंपनीचाच राहिला. रुळांच्या मालकाचं नाव टिकलं. गाडीत बसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही.

पण मला खरा धक्का दिला तो १९५१ च्या कागदावरच्या साक्षीदाराने. ती सही माझ्या आजोबांची, तिच्या सख्ख्या भावाची आहे. का केली असेल? माझा तर्क असा, की सासरी हिस्सा मागणारी बहीण उद्या माहेरीही मागेल, ही भीती तेव्हाही होती. दीर आणि भाऊ इतर बाबतींत एकमेकांचं तोंड पाहत नसत, इथे मात्र एका कागदावर आले. सासर वाईट आणि माहेर सावलीचं, असं आपल्याला शिकवलं जातं. जमिनीच्या बाबतीत दोन्ही घरं एकाच बाजूला उभी राहतात.

आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापून निघालं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत जवळजवळ कोणाच्या स्मरणात नव्हतं. छापील पुस्तकाची ही गत, तर माळ्यावरच्या पेटीचं काय? ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडेच जाणार.

“तेव्हाचे कायदे तसे होते, आता काय अडचण आहे?” असं कोणी म्हणेल. खरंच, कायदे बदलले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीने वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेलींना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वडील २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. कायद्याने दिलेलं आता हक्कसोडपत्राने परत घेतलं जातं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी बहिणींना गाडीत बसवून निबंधकाच्या कार्यालयात नेतात. “बाई, साडीचोळी तं आमी करतोच, तुले काय कमी हाय?” तिने सही केली तर ती मायाळू. नाही केली तर पुढच्या पिढीला सांगायला नवी येडी बुढी तयार.

माहेरचं दार बंद होईल ही भीती खोटी नाही. सासरी मार खाणाऱ्या बाईला दोन दिवस टेकायला तेवढीच एक जागा असते आणि त्यासाठी ती शेत सोडते. हिशेब तिला नीट कळतो. म्हणून सही करणाऱ्या बहिणीला मी दोष देणार नाही. पण सही करून आलेल्या बाईला मेळाव्यात ‘त्यागमूर्ती’ म्हणणं आपण संघटनांनी तरी बंद करावं.

गटातल्या बायकांना माझी विनंती आहे. यंदा माहेरी गेलात की घरातल्या विक्षिप्त बाईची गोष्ट पुन्हा विचारा. ती कुठे दिलेली होती, कधी परत आली, त्या वर्षी शेतावर कोणाचं नाव चढलं? मग गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, बघा. जुने फेरफार संगणकावर पाहण्याची सोय ज्या जिल्ह्यांत आधी झाली, त्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. ‘वारस’ या शब्दापुढची नावं वाचा, आणि कोणाचं नाव नाही तेही वाचा. नकला काढून बैठकीला आणा.

आत्याआजीचा गठ्ठा मी बरोबर आणला आहे. काका म्हणाले, “काऊन नेऊ रायली ते कागदं? काय कामाचे?” याच आखजीला माझ्यापुढेही एक हक्कसोडपत्र ठेवलं होतं. मी त्यावर सही केलेली नाही.