बिलिंग यंत्रणा ठप्प, जबाबदारी कुणाची?

शहरांतील उपाहारगृहांचा कारभार गेल्या काही वर्षांत वहीकडून संगणकाकडे सरकला आहे. वेटरने घेतलेली ऑर्डर स्वयंपाकघरात पोहोचवणे, ऑनलाइन मागणीची नोंद ठेवणे, बिल छापणे आणि वस्तू व सेवा कराचा (जीएसटी) हिशेब राखणे, ही सारी कामे आता एकाच 'पॉइंट ऑफ सेल' म्हणजेच पीओएस यंत्रणेकडे आली आहेत. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र, ऐन गर्दीच्या वेळी ही यंत्रणा बंद पडली, तर केवळ बिल अडत नाही, सारे हॉटेलच अडते. अशा वेळी जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचा विचार यंत्रणा विकत घेताना क्वचितच केला जातो.

बड्यांचीही कोंडी

या यंत्रणा कशा कोलमडतात, हे जगातील बड्या कंपन्यांच्या अनुभवातून दिसून आले आहे. एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेतील एनसीआर कंपनीच्या एका डेटा सेंटरवर खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. त्यामुळे उपाहारगृहांसाठीच्या 'अलोहा' या यंत्रणेच्या काही सेवा विस्कळीत झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'स्क्वेअर' या कंपनीची यंत्रणा अंतर्गत नेटवर्कमध्ये केलेल्या बदलांमुळे अनेक तास बंद पडली. १५ मार्च २०२४ रोजी जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसह अनेक देशांत मॅकडोनल्ड्सला ऑर्डर घेणे कठीण झाले. हा सायबर हल्ला नव्हता. एका बाहेरच्या पुरवठादाराने यंत्रणेच्या रचनेत बदल करताना हा घोळ झाल्याचे कंपनीने स्पष्ट केले.

तिन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. परिणाम मात्र एकच. बिघाड झाला दुसरीकडे आणि ग्राहकांसमोर हात जोडण्याची वेळ आली काउंटरवरच्या माणसावर.

भारतात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे बिल चुकते करण्यासाठी 'यूपीआय'चा आधार घेतला जातो. १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, यूपीआय सेवा देशभर विस्कळीत झाली होती. बिलिंग यंत्रणा सुरू असली, तरी इंटरनेट, प्रिंटर किंवा पैसे स्वीकारण्याची सेवा यांपैकी एखादा दुवा निखळला की व्यवहार थांबतो. मग सॉफ्टवेअरवाला इंटरनेट कंपनीकडे बोट दाखवतो, इंटरनेटवाला राउटरकडे, आणि हॉटेलमालक मधल्यामध्ये अडकतो.

टक्केवारीचा भूलभुलैया

'९९.९ टक्के वेळ सेवा सुरू' असे आश्वासन ऐकायला भक्कम वाटते. पण गणित केल्यास उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास होतात. हे तास पहाटे गेले, तर कुणाला कळणारही नाही. तेच दोन-तीन शनिवारांच्या संध्याकाळी गेले, तर महिन्याचे गणित बिघडू शकते; कंपनीचे आश्वासन मात्र कागदोपत्री पाळलेलेच राहते. शिवाय ही टक्केवारी सहसा कंपनीच्या सर्व्हरपुरती असते. स्वयंपाकघरातला प्रिंटर त्यात धरलेला नसतो.

खरी कसोटी मदतीची आहे. उपाहारगृहांची गर्दी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी असते. नेमकी तेव्हाच कार्यालये बंद असतात. अर्थात, दोष केवळ सॉफ्टवेअर कंपन्यांचा नाही. वर्गणीत घासाघीस करून सर्वांत स्वस्त यंत्रणा घ्यायची आणि रात्री नऊ वाजता तंत्रज्ञ दारात हजर हवा म्हणायचे, हे व्यवहाराला धरून नाही. चोवीस तास माणूस उपलब्ध ठेवण्याची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते.

कायद्याचा रोख मालकाकडे

कराच्या बाबतीत तर चूक परवडणारीच नाही. १० नोव्हेंबर २०१७ रोजी जीएसटी परिषदेने बहुतांश उपाहारगृहांचा कर ५ टक्क्यांवर आणला आणि नवा दर १५ नोव्हेंबरपासून लागू झाला. सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यासाठी हातात जेमतेम पाच दिवस होते. ज्यांच्यामागे मदतीला तत्पर कंपनी नाही, त्यांच्यासाठी अशी मुदत म्हणजे संकटच.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्या संगणकावर असतील, तर त्यांची सुरक्षित प्रत ठेवण्याचे बंधनही करदात्यावरच आहे. सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली किंवा वर्गणी थकल्याने खाते गोठले, ही सबब कर अधिकाऱ्यांपुढे कितपत टिकेल? आपल्याच धंद्याचा हिशेब दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवताना मालकाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

उपाय अवघड नाहीत. करार करण्यापूर्वी इंटरनेटची वायर काढून बिल छापले जाते का, स्वयंपाकघरात ऑर्डर पोहोचते का, हे पाहावे. मदतीच्या क्रमांकावर शनिवारी रात्री फोन करून कोण उचलते, याची खात्री करावी. गर्दीच्या वेळेत सॉफ्टवेअरमध्ये बदल होणार नाहीत, अशी अट लिहून घ्यावी. विक्रीची माहिती ठरावीक काळाने स्वतःकडे उतरवून ठेवावी. काउंटरखाली छापील बिलबुकही असावे. बिल क्रमांकांच्या एकापेक्षा अधिक मालिका ठेवण्यास नियमांची आडकाठी नाही. त्यामुळे हाताने केलेल्या बिलांना स्वतंत्र मालिका देता येते.

यंत्र आहे, ते कधी ना कधी बंद पडणारच. त्या रात्री फोन कोण उचलणार, हे मात्र आधी ठरवता येते. यंत्रणा विकत घेताना दरपत्रकासोबत या प्रश्नाचे उत्तरही लेखी मागितले पाहिजे. ते न देणाऱ्या कंपनीची यंत्रणा कितीही स्वस्त असली, तरी अखेरीस महागच पडेल.