निरोप पोहोचला, तरच उपचार पोहोचतात

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर गेला असता गावच जागेवर दिसेना, तेव्हा त्याने कळवले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसासाठी बचाव पथक, रुग्णवाहिका, रक्तपेढी हे सगळे निरोप पोहोचल्यानंतरच सुरू होते.

आपत्तीच्या वैद्यकीय तयारीत खाटा, सलाइन, ऑक्सिजन यांचा हिशेब होतो. निरोप कोण नेणार, या प्रश्नाला मात्र ‘मोबाइल आहेत की’ एवढेच उत्तर असते. पण वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच पुरते, दरड कोसळली की जमिनीखालची केबल तुटते आणि यंत्रणा शाबूत असली तरी एकाच वेळी सगळे फोन करू लागले की ती कोलमडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांनी हा अनुभव घेतला आहे.

अशा वेळी उपयोगी पडू शकणारी माणसे पुण्यातच आहेत. ती म्हणजे हौशी रेडिओवाले, अर्थात ‘हॅम’. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती केंद्र सरकारची परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकते. मग ‘व्हीयू’ने सुरू होणारे सांकेतिक नाव मिळते. मोटारीची बॅटरी, एक रेडिओ संच आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर केंद्र उभे राहते. योग्य लघुलहरी आकाशातील आयनांबरावरून परतून खाली येतात. त्यामुळे मध्ये सह्याद्रीची रांग असली तरी मुळशीच्या खोऱ्यातून पुण्याशी बोलता येते. ना टॉवर लागतो, ना केबल.

या मंडळींची तक्रार जुनी आहे: निर्णय घेणारे आपल्याकडे छंदी माणसे म्हणून पाहतात. परवान्याला लागणारा वेळ, अँटेनाला सोसायटीचा नकार, जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात नसलेले स्थान, हे त्यांचे प्रश्न. त्यांचे ऐकले गेले तेव्हा काय घडले, हेही पाहायला हवे. अंदमानातून हौशी केंद्र चालवण्याची परवानगी भारती प्रसाद यांनी अनेक वर्षांच्या पाठपुराव्याने मिळवली. डिसेंबर २००४ मध्ये त्यांचे पथक पोर्ट ब्लेअरला काम करत असतानाच २६ तारखेला त्सुनामी आली. छंदासाठी उभारलेले ते केंद्र त्याच दिवशी मदतीचे केंद्र झाले आणि बेटांवरची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली. परवानगीची फाइल आणखी महिनाभर पडून राहिली असती, तर त्या दिवशी तिथे अँटेनाच नसता.

‘इस्रो’नेही ५ मे २००५ रोजी हौशी रेडिओसाठी ‘हॅमसॅट’ हा उपग्रह सोडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. हॅम मंडळींना एकमेकांना संदेश पाठवता यावेत, हाच त्याचा हेतू होता. ज्या शहराचे विद्यार्थी यासाठी उपग्रह बनवतात, त्या शहरातील रुग्णालयांच्या आपत्ती आराखड्यात रेडिओला जागा असायला काय हरकत आहे?

रुग्णालयाची गरज किती नेमकी असते, हे एका उदाहरणावरून कळेल. ढिगाऱ्याखाली पाय तासन्‌तास चिरडला गेला की स्नायू मरू लागतात. वरचे ओझे काढताच त्यातील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. मग हृदय अचानक थांबू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून शक्य तर बाहेर काढण्यापूर्वीच सलाइन सुरू करावे लागते आणि डायलिसिसची सोय तयार ठेवावी लागते. ‘पुष्कळ जखमी आहेत’ या निरोपाचा इथे उपयोग नाही. ‘हातपाय चिरडलेले आठ, दोघांना लघवी नाही, निघालो दहा वाजता’ असा निरोप हवा. हॅम नेमके हेच शिकलेले असतात: थोडक्यात बोलणे, ऐकलेले परत म्हणून दाखवणे, वेळेसह नोंद ठेवणे. शस्त्रक्रियागृहात तोंडी सांगितलेली औषधाची मात्रा परिचारिका परत म्हणून दाखवते, त्यामागचे शास्त्र हेच आहे.

पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि उपग्रह फोन असताना हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण पोलिसांचे संच पोलिसांच्या कामात गुंतलेले असतात आणि उपग्रह फोन मोजकेच असतात. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. हौशी रेडिओवरचे बोलणे कुणालाही ऐकू येते, त्यात गुप्तता नसते. म्हणून रुग्णाचे नाव न सांगता क्रमांक सांगावा, हे आधीच ठरवून घ्यावे लागेल. किरणोत्सर्गाच्या भीतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. रेडिओलहरींत क्ष-किरणांप्रमाणे थेट डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि अंतर वाढते तसा तो झपाट्याने घटतो. गच्चीवरच्या अँटेनाचा खरा धोका म्हणजे वीज पडणे आणि खांब कोसळणे. सोसायटीने अर्थिंग आणि मजबुतीची अट जरूर घालावी. सरसकट नकार देऊ नये.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीमध्ये १९८० साली हॅम मंडळींनी रुग्णालयांचे फोन बंद पडल्यावर धावून जाणारे पथक उभारले. ते तिथे रुग्णालयांच्या गरजेतून उभे राहिले. आपल्याकडेही ही मागणी हॅमपेक्षा डॉक्टरांनी आणि रुग्णालयांनी करायला हवी. छंदाला सवलत मागणाऱ्याचे पत्र टेबलावर पडून राहते. रुग्णांसाठी यंत्रणा मागणाऱ्या रुग्णालयाचे पत्र बाजूला सारणे अवघड जाते. हॅम मंडळींनीही आपली तयारी कागदावर मांडावी: माणसे किती, कोणत्या तालुक्यात, किती वेळात पोहोचतील.

सुरुवात छोटी असू शकते. पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवावा. मोबाइल बंद ठेवून भोर, जुन्नर आणि मुळशीच्या रुग्णालयांतून ससूनला काल्पनिक जखमींचे निरोप पाठवावेत. निरोप किती मिनिटांत पोहोचला, त्यात किती चुका झाल्या, हे मोजून तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवावा. पुढची चर्चा मग छंदाची राहणार नाही. ती त्या आकड्यांवर होईल.