आजींच्या हातातली माळ

जुलैच्या चौथ्या रविवारी आपल्या चर्चमध्ये आजी-आजोबांचा दिवस असतो. पोप फ्रान्सिस यांनी तो २०२१ साली सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योआकिम आणि संत अॅना, यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून त्याच्या आसपासचा रविवार. मिस्सानंतर फादर एकेकाला पुढे बोलावतात, आम्ही शाल आणि गुलाब देतो, फोटो निघतो, हॉलमध्ये चहा-केक होतो. यंदा शालींच्या घड्या घालताना मला एक गोष्ट सलत होती. ती आज लिहिते. चूक माझी आहे.

आमच्या वॉर्डात एक आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. ऑक्टोबरमध्ये घरोघरी रोझरी होते ती वर्षानुवर्षं त्याच चालवायच्या. लितानी तोंडपाठ, पुस्तक कधी उघडलं नाही. तीन वर्षांपूर्वी गडबड सुरू झाली. आमचा अर्धा भाग संपायच्या आतच त्या पुढची 'नमो मरिया' सुरू करायच्या. मध्येच थांबून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. एकदा कोणी म्हणालं, "आजी, हे रहस्य झालं," तर त्या म्हणाल्या, "हो हो, बसा ना." मुलं हसली. मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या वर्षी यादी मी केली. आजींचं नाव काढून कॉलेजातल्या एका मुलीचं घातलं. आजींना घरी जाऊन सांगितलं, "इतकी वर्षं केलंत, आता आराम करा. पोरांना करू द्या." त्या "बरं बाळ" म्हणाल्या. मला वाटलं, किती छान निभावलं मी!

त्या ऑक्टोबरात आजी तीनच घरी आल्या. मग येईनाशा झाल्या. सून सांगायची की दिवसभर खिडकीशी बसतात, विचारलं एक तर उत्तर दुसरंच. "आजींचं डोकं आता चालत नाही," असं वॉर्डात बोललं जाऊ लागलं. मीही बोलले.

पुढे कधीतरी बीपीच्या गोळ्यांसाठी सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पाठीमागे उभं राहून नाव विचारलं. उत्तर नाही. मग समोर येऊन, ओठ दिसतील असं विचारलं. आजींनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, लग्न कोणत्या साली झालं तेही सांगितलं. कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. म्हणजे रोझरीच्या वेळी आम्ही काय म्हणतो आणि कधी थांबतो, हेच त्यांना कळत नव्हतं. आणि आम्ही ठरवून टाकलं होतं की बुद्धी गेली.

मी डॉक्टर नाही, बीए झालेली कॅटेकिझमची बाई. पण त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली म्हटलं आहे की स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के भारामागे अशी १४ कारणं आहेत, ज्यांवर काही करता येतं. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, नैराश्य हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच यादीत कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपणाही आहे. कान कमजोर झाला की शब्द ओळखण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, लक्षात ठेवायला कमी उरते. शिवाय दोनदा "काय?" म्हणून झालं की माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही. हसून मान हलवतो आणि हळूहळू माणसांत यायचंच सोडतो. श्रवणयंत्र ही जादू नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२३ साली आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांची बुद्धी मंदावण्याचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

अमेरिकेतल्याच धर्मभगिनींचा अभ्यास मला जास्त भिडला. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघात तो सुरू केला. पुढे ६७८ सिस्टर्सनी दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायचं कबूल केलं. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. ८४ वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी शिकवलं. शेवटपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण. आणि मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर निघाल्या! तारुण्यात मठात येताना लिहिलेली आत्मचरित्रंही तपासली गेली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी जास्त, त्यांची बुद्धी म्हातारपणीही बहुधा शाबूत राहिली होती.

इथे एक सांगायलाच हवं. "रोज रोझरी म्हणणाऱ्याला विसरण्याचा आजार होत नाही" असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो खोटा आहे. त्या सिस्टर्सपैकीही अनेकींना हा आजार झाला, आणि त्यांनी आयुष्यभर रोज प्रार्थना केली होती. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्या मनाला असले मेसेज काय करत असतील, याचा विचार पुढे पाठवण्याआधी करावा.

आणखी एक अभ्यास आपल्या जवळचा, हैदराबादचा. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला की दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा होतो. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हे दिसलं. तिसऱ्या-चौथ्या भाषेने मात्र अधिक फायदा दिसला नाही. बेळगावातली आपली म्हातारी माणसं घरी कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड बोलत आली आहेत. (मिस्सा कोणत्या भाषेत असावी यावर आपण भांडतो, तेव्हा हे आठवावं.) पण भाषा बोलायला समोर माणूस लागतो. खिडकीशी बसवून ठेवल्यावर चार भाषा असून काय करायच्या?

मला कोणी म्हणेल, मग काय अडखळणाऱ्यालाच मिस्सात वाचन द्यायचं? नाही. प्रभूचं वचन मंडळीला नीट ऐकू आलंच पाहिजे. पण वेदी आणि खुर्ची यांच्यामध्ये पुष्कळ कामं आहेत. फर्स्ट कम्युनियनच्या मुलांच्या प्रार्थना पाठ झाल्या का ते ऐकणं. वॉर्डातल्या मृतांच्या नावांची यादी सांगणं, जी आम्हा कोणालाच पूर्ण येत नाही. स्तोत्र ७१ ही म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे. त्यातला माणूस आराम मागत नाही. पुढच्या पिढीला काही सांगायचं राहिलं आहे, तोवर सोडू नकोस म्हणतो. आणि आपण त्याला शाल देऊन बसवतो.

म्हणून माझं फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला सांगणं आहे की पुढच्या जुलैत शालींऐवजी हॉलमध्ये कानांची आणि डोळ्यांची तपासणी ठेवावी. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तीत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मोफत मिळू शकतं. फॉर्म भरायला आमची युवक मंडळी आहेतच. आणि मागच्या बाकांवर माइकचा नुसता घुमारा येतो, तोही एकदा दुरुस्त व्हावा.

यंदाच्या ऑक्टोबरची यादी पुन्हा माझ्याकडे आली आहे. मागच्या आठवड्यात आजींकडे गेले, समोर बसून माफी मागितली आणि रोझरीचं विचारलं. त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. "हे मध्येच शिट्टी मारतं गं. पोरं परत हसतील." अजून हो म्हणालेल्या नाहीत. पहिल्या घरापुढे त्यांचं नाव मी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.